अनिर्बंध सत्तेची मराठी शब्दसंपदा : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात एक अर्थविचार

१. विषयप्रवेश

सत्ता आणि भाषा यांच्या संबंधांचा विचार मराठीत प्रायः राजभाषा, भाषाशुद्धी आणि प्रशासकीय परिभाषा या अंगांनी झालेला आहे. सत्ता उन्मत्त झाली असता तिला प्रजेने कोणत्या नावाने हाक मारली, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. जुलमी, मुजोर, शिरजोर, उद्दाम, निरंकुश, मग्रूर, बेबंद, दंडेल हे शब्द शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत समानार्थी म्हणून एका ओळीत बसविले जातात. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक शब्दाचा उगम वेगळा असून सत्तेविषयीची त्याची धारणाही वेगळी आहे. ही धारणा उलगडणे आणि चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनप्रदेशात या शब्दसंपदेला जो इतिहास लाभला तो तपासणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या प्रदेशाची निवड सकारण केली आहे. गोंड राजवट, १७५१ नंतरचा नागपूरकर भोसल्यांचा अंमल, १८५४ पासूनची इंग्रजी राजवट, जमीनदारी व मालगुजारी, वनखाते आणि सशस्त्र दलम अशा सत्तेच्या अनेक तऱ्हा या एकाच भूमीने अनुभवल्या. सिरोंचाचा भाग १८६० पर्यंत निजामाकडे होता. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्यप्रदेशात होता, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि हिंदी यांचा येथे नित्य संपर्क आहे. सत्तावाचक शब्दांची अर्थांतरे पाहण्यास हे क्षेत्र म्हणूनच विशेष उपयुक्त ठरते.

२. पशुरूपकांचा गट

या शब्दसंपदेतील सर्वांत मोठा गट पशुजीवनातून आलेला आहे. ‘निरंकुश’ म्हणजे ज्यावर अंकुश नाही असा; येथे मूळ प्रतिमा हत्तीची आहे. ‘बेलगाम’ हा घोड्याचा शब्द होय. ‘मुजोर’ म्हणजे ज्याचे बळ तोंडात आहे, जो लगामाच्या ओढीला दाद देत नाही असा घोडा. ‘शिरजोर’ हा शब्द फारसी ‘सरजोर’शी जोडला जातो व त्याचा अर्थही त्याच वळणाचा आहे. ‘उद्दाम’ या संस्कृत शब्दात ‘दामन्’ म्हणजे दोरी आहे. ‘दामोदर’ या नामात जी दोरी आहे तीच ही, आणि मराठी शेतकऱ्याचे गुरे बांधण्याचे ‘दावे’ही तिचेच रूप. दावे तोडून निघालेले जनावर म्हणजे ‘उद्दाम’. ‘उच्छृंखल’ शब्दात दोरीच्या जागी साखळी येते. ‘माज’ हा मदाचा तद्भव असून तो गायी-म्हशींच्या, रेड्यांच्या संदर्भात आजही मूळ अर्थाने वापरला जातो. ‘माजलेला’ हे माणसाचे विशेषण त्यातून आले. ‘मोकाट’ हे सुटलेल्या गुरांचे विशेषण आहे.

या गटाची दोन लक्षणे ध्यानी घेण्यासारखी आहेत. पहिले असे की, यांतील एकही प्राणी वन्य म्हणून कल्पिलेला नाही. हत्ती, घोडा, बैल, रेडा हे सारे माणसाळविलेले, कामाला जुंपलेले प्राणी आहेत. वाघ हा माणसाला मारतो, पण त्याला कुणी ‘मुजोर’ म्हणत नाही. ताडोबाच्या परिसरात वाघाची भीती आहे, त्याला देवत्वही आहे. परंतु त्याच्या वागण्याला ‘माज’ म्हणण्याची रीत नाही, कारण त्याने कुणाचा लगाम कधी पत्करलेलाच नसतो. दुसरे लक्षण पहिल्यातूनच निष्पन्न होते. हे शब्द वापरणारा मनुष्य नकळत असे गृहीत धरतो की, या बळाचा कुणीतरी धनी आहे, त्याला आवरण्याचे साधन आहे आणि ते साधन कुणाच्या तरी हाती असावयास हवे. ‘बेलगाम’ म्हणणे म्हणजे लगामाचे अस्तित्व मान्य करणे होय.

या गृहीतामुळेच हे शब्द दुधारी ठरतात. धनी असलेल्या जनावराचे विशेषण धन्याला लावण्याआधी ते चाकराला लावले जाते. गडी उलट बोलला की तो ‘मुजोर’. मजुराने मजुरी मागितली की तो ‘माजला’. कुळाने खंड देण्यास नकार दिला की ते ‘शिरजोर’. ‘चोर तो चोर, वर शिरजोर’ या म्हणीतही शिरजोरीचा आरोप खालच्यावरच आहे. वृत्तपत्रीय मराठीत ‘मुजोर रिक्षाचालक’ हा प्रयोग रुळलेला आहे. ‘मुजोर मंत्री’ हाही आढळतो, मात्र दोहोंतील आशय एक नाही. पहिल्यात बोलणारा स्वतःला धनी समजतो. दुसऱ्यात तो मंत्र्याला चाकर ठरवितो, आणि हा दुसरा प्रयोग लोकशाहीखेरीज पूर्णार्थाने शक्य नाही. राजेशाहीत राजाचा अंकुश धर्माच्या किंवा ईश्वराच्या हाती कल्पिला जाई. प्रजेच्या हाती तो असल्याची कल्पना अर्वाचीन आहे. महात्मा फुले यांनी आपल्या १८८३ सालच्या ग्रंथास ‘शेतकऱ्याचा असूड’ असे नाव दिले. बैल हाकणाऱ्याच्या हातचे साधन त्यांनी राज्यव्यवहाराच्या चर्चेत आणले ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

३. ‘-शाही’ प्रत्यय आणि चांद्याचे शाह

दुसरा गट ‘-शाही’ प्रत्ययाचा. निजामशाही, आदिलशाही ही मुळात राजघराण्यांची नावे. पुढे हा प्रत्यय स्वतंत्र होऊन कोणत्याही कारभारपद्धतीला लागू लागला. लोकशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही, दडपशाही, बेबंदशाही, झोटिंगशाही ही त्याची उदाहरणे. ‘लोकशाही’चा अपवाद वगळता या मालिकेतील बहुतेक शब्द निंदाव्यंजक आहेत. ‘झोटिंगशाही’त लोकसमजुतीतील झोटिंग नावाचे भूत सत्तेवर बसविलेले आहे, तर ‘दडपशाही’त वजनाखाली दाबण्याची क्रिया. हिंदीतील ‘तानाशाह’ मराठीने स्वीकारला नाही. तिने ‘हुकूम’ आणि ‘शहा’ यांपासून ‘हुकूमशहा’ घडविला. या शब्दात सत्ताधीशाच्या क्रौर्याचा वा मदाचा निर्देश नाही. केवळ हुकूम देणे, चर्चा न करणे, एवढीच क्रिया दोषास्पद मानली आहे. लोकशाहीच्या विरोधी संज्ञेसाठी ही निवड मार्मिक म्हणावी लागेल.

चांद्याच्या बाबतीत एक गुंतागुंत आढळते. येथील गोंड राजांच्या नावांतच ‘शाह’ आहे : बल्लाळशाह, बीरशाह, रामशाह, नीलकंठशाह. शहराचा परकोट, तलाव आणि मंदिरे यांच्याशी या नावांचा व राणी हिराईचा स्मरणसंबंध आजही जिवंत असून तो आदराचा आहे. म्हणजे प्रमाण मराठीत जो घटक निंदाव्यंजक झाला, तोच या प्रदेशाच्या व्यक्तिनामांत आणि लोकस्मृतीत गौरवव्यंजक राहिला. एका शब्दघटकाचे मूल्य साऱ्या भाषिक प्रदेशात सारखे असते असे मानणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसून येते.

‘-शाही’प्रमाणेच ‘सुलतानी’ हाही शब्द लक्षात घ्यावा. ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी महसुली व्यवहारातून आली. पीक बुडाल्यास सूट कोणत्या कारणाने द्यावी याची ती वर्गवारी होती : आभाळाने आणलेले संकट आणि राजसत्तेने, म्हणजे मुख्यत्वे फौजांनी, आणलेले संकट. राज्यकर्त्याला दुष्काळाच्या पंक्तीला बसविणारा हा शब्द कुणा बंडखोराच्या नव्हे, तर राज्याच्याच दप्तरातला आहे.

४. अर्थांतराच्या तीन दिशा

सत्तावाचक शब्दांचा अर्थ कालौघात कसा पालटतो याच्या तीन दिशा या शब्दसंपदेत स्पष्ट होतात.

(अ) धार बोथट होणे. अरबीतून आलेल्या ‘जालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ जुलूम करणारा. मराठीत ‘जुलूम’ व ‘जुलमी’ यांनी मूळ अर्थ सांभाळला. ‘जालीम’ मात्र औषधाचे आणि विषाचे विशेषण झाला. ‘जालीम उपाय’ म्हणताना कुणाच्या मनात अत्याचारी येत नाही. ‘जबरदस्त’ म्हणजे फारसीत ज्याचा हात वर आहे तो. मराठीत तो प्रशंसेचा शब्द झाला, तर ‘जबरदस्ती’ने निंदेची बाजू राखली. ‘सर्वंकष’ हा संस्कृत शब्दही असाच. ‘कष्’ म्हणजे घासणे; सर्वांना घासून काढणारे ते सर्वंकष. ‘सर्वंकष सत्ता’ या प्रयोगात तो अर्थ उरला आहे, पण ‘सर्वंकष आढावा’ ही शासकीय स्तुती ठरते. सत्तेच्या बळाविषयी समाजाला वाटणारे सुप्त आकर्षण अशा अर्थांतरांतून प्रकट होते, असे अनुमान काढता येईल.

(आ) अर्थसंकोच. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून मानले जाणारे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे आहे. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसादी झाडांना हात लावू नये, झाड जुने झाले असल्यास धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मगच तोडावे, असे त्यात बजावले आहे. तेथे ‘बलात्कार’ हा शब्द सत्तेने केलेल्या कोणत्याही बळजोरीसाठी येतो. आज हा शब्द एकाच भीषण अपराधापुरता उरला. वनसंपत्तीच्या संदर्भात सत्तेची बळजोरी दाखविणारा एक समर्थ शब्द अशा प्रकारे मराठीच्या राज्यव्यवहारातून नाहीसा झाला, ही गोष्ट प्रस्तुत प्रदेशाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे.

(इ) आरोपाची दिशा उलटणे. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘वेठ’ होय. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द म्हणजे राजाने वा जमीनदाराने विनामोबदला करवून घेतलेले काम. फारसी ‘बिगार’ त्याला जोडून ‘वेठबिगार’ हा जोडशब्द तयार झाला. प्राणहितेपलीकडच्या तेलुगू मुलखात त्याच अर्थाचा ‘वेट्टी’ शब्द आहे. १९४६ ते १९५१ मधील तेलंगणच्या शेतकरी लढ्यात ‘वेट्टी’ बंद करणे ही एक मुख्य मागणी होती. जंगलपट्टीत लाकूड वाहणे, ओझी नेणे, रस्ता साफ करणे, अंमलदाराच्या मुक्कामाची व्यवस्था करणे अशी वेठ गावकऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. आजच्या मराठीत मात्र ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार मुख्यतः संपकऱ्यांविरुद्ध वापरला जातो. काम बंद करणारा कामगार जनतेला ‘वेठीस धरतो’. ज्या शब्दात काम करावयास भाग पाडलेल्या माणसाची वेदना होती, तो काम नाकारणाऱ्या माणसावरील आरोप झाला. पीडिताच्या शब्दकोशातून शब्द काढून तो त्याच्याच विरुद्ध वापरला जाण्याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठीत विरळा.

५. वनप्रदेशातील सत्तास्थानांची नावे

विशेषणांकडून नामांकडे वळले असता या प्रदेशाचे वेगळेपण अधिक ठळक होते. ‘मालगुजार’ या फारसी समासाचा अर्थ महसूल भरणारा एवढाच. इंग्रजी जमाबंदीत महसूल भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यास मध्यप्रांतात मालकी हक्क देण्यात आले आणि भरणारा तो मालक झाला. मध्यप्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली आणि ३१ मार्च १९५१ पासून ते हक्क शासनाकडे गेले. ‘मालगुजार’ शब्द आज सिंचनाच्या परिभाषेत उरला आहे. ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक नावाचे ‘मामा तलाव’ झाले आणि एकेकाळी धाक असलेल्या पदाची आठवण नात्याच्या शब्दात विरून गेली.

वनखात्याचे तसे झाले नाही. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलाचे वर्गीकरण केले व त्यासोबत नवी शब्दकळा गावात आली : राखीव, संरक्षित, नाका, परवाना, पंचनामा, गुन्हा. वनरक्षकासाठी विदर्भात रूढ असलेला ‘नाकेदार’ हा शब्द नाक्यावरून, म्हणजे अडविण्याच्या जागेवरून आला. सामान्य गावकऱ्याला सत्तेचे दर्शन राजधानीत नव्हे, तर या अडविण्याच्या जागी होत असे.

तथापि ‘नाकेदारा’पेक्षा अधिक परिणाम करणारे शब्द ‘निस्तार’, ‘सवलत’ आणि ‘हक्क’ हे होत. ‘निस्तार’ म्हणजे तरून जाणे, निभाव लागणे. मध्यप्रांताच्या महसुली परिभाषेत जळाऊ लाकूड, बांबू, गवत, चराई या निर्वाहाच्या गरजा ‘निस्तारा’त मोडत. त्या भागविण्याची मुभा हा हक्क की मेहेरबानी, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. वनप्रशासनाने हक्क आणि सवलत यांत काटेकोर भेद केला; सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. येथे एकही कठोर शब्द उच्चारला जात नाही. जुलूम नाही, दंडेली नाही, केवळ ‘सवलत’. अनिर्बंध सत्ता स्वतःचे वर्णन नेहमी सौम्य शब्दांत करते आणि म्हणूनच तिचा अभ्यास निंदाव्यंजक शब्दांपुरता मर्यादित ठेवणे पुरेसे नाही.

प्रतिकार करणाऱ्यासाठी सत्तेची योजलेली नावेही याच दृष्टीने पाहावीत. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सरकारी दप्तराने या घटनेस ‘बंड’ म्हटले. आज त्याच घटनेस ‘उठाव’ आणि बाबूरावांना ‘शहीद’ म्हटले जाते. घटना तीच, पण लगाम कुणाच्या हाती असणे न्याय्य होते याविषयीचा निर्णय बदलला आणि नाव पालटले.

६. संबोधनातील सत्ता : ‘अरेरावी’ आणि ‘दादागिरी’

‘अरे’ आणि ‘राव’ या घटकांनी घडलेला ‘अरेरावी’ हा शब्द सत्तेला तिच्या बोलण्यावरून ओळखतो. समोरच्यास ‘अरे’ म्हणणे आणि स्वतःकडे ‘राव’पण ठेवणे, हे तिचे व्याकरण. मराठीत तू, तुम्ही, आपण या सर्वनामांनी पायरी ठरते. तालुक्याच्या कचेरीत वयोवृद्ध अर्जदारास ‘तू’ आणि तरुण कारकुनास ‘साहेब’ हा व्यवहार अपरिचित नाही. अर्जातली भाषाही तीच पायरी पाळते : ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’, ‘कृपा व्हावी’, ‘आपला नम्र’. मराठी ज्याची मातृभाषा नाही अशा माडिया वा गोंड अर्जदारास ही पायरी परक्या भाषेत चढावी लागते, ही त्यातली दुहेरी अडचण होय.

‘दादागिरी’चा प्रवास याहून विलक्षण आहे. थोरल्या भावाचा आदरवाचक ‘दादा’ शहरी मराठीत गल्लीतील बलदंडास लागला आणि ‘-गिरी’ प्रत्ययाने त्याची वृत्ती झाली. १९८० च्या सुमारास गडचिरोलीच्या जंगलात आलेल्या सशस्त्र नक्षलवाद्यांना गावकरी ‘दादा’, ‘दादालोक’ म्हणू लागले. या संबोधनात आदर किती, धाक किती आणि नाव न घेण्याची सावधगिरी किती, हे शब्दावरून ठरविता येत नाही. बंदूक हाती असलेल्यास नात्याचे नाव देऊन त्याला नात्याच्या मर्यादेत आणण्याची ही धडपडही असू शकते. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या माणसाला निंदेचा शब्द परवडत नाही. या प्रदेशात विशेषणांऐवजी मौन आणि नातेवाचक शब्द का आढळतात, याचे उत्तर येथे आहे.

७. ‘सरकार’ कोणाचे?

फारसी ‘सरकार’ हा शब्द येथे एकाच वेळी अनेक अर्थांनी नांदला. जमीनदाराला समोर उभे राहून म्हणावयाचे ‘सरकार’. मुंबई-दिल्लीतील शासन हेही ‘सरकार’. आणि दंडकारण्यात माओवाद्यांनी उभारलेली ‘जनताना सरकार’ हाही त्याच शब्दाचा प्रयोग. या पार्श्वभूमीवर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिलेली ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा भाषिक दृष्ट्या फार महत्त्वाची आहे. पहिल्या अर्धात ‘सरकार’ नाकारलेले नाही, ते ‘आमचे’ म्हणून स्वीकारले आहे. दुसऱ्या अर्धात षष्ठीचे ‘आमचे’ जाऊन प्रथमेचे ‘आम्हीच’ येते. मालकीसंबंधाकडून तादात्म्याकडे जाणारा हा प्रवास केवळ एका रूपबदलाने साधला आहे, आणि त्यासाठी एकही निंदाव्यंजक शब्द लागलेला नाही.

ही घोषणा शब्दांपुरती राहिली नाही. संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला. त्याच्या उद्देशिकेत वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची स्पष्ट कबुली आहे. राज्याने स्वतःच्या पूर्ववर्तनास अन्याय म्हणावे, हा राज्यभाषेतील दुर्मीळ प्रसंग होय. या कायद्यान्वये मेंढा गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जो ‘परवाना’ नाक्यावर मागावा लागे, तो आता ग्रामसभा देऊ लागली. अर्जाचे नावही बदलले. पूर्वी ‘विनंती’ होती, आता ‘दावा’ आहे. विनंती मान्य करणे ही कृपा असते. दाव्याचा निर्णय कारणे देऊन करावा लागतो. सर्व दावे मान्य होतात असे नाही, आणि हक्क मिळूनही तो वापरताना अडथळे येतात. परंतु ‘सवलत’ ते ‘हक्क’ आणि ‘विनंती’ ते ‘दावा’ ही शब्दांतरे झाल्याने अडविणाऱ्यावर कारण देण्याचे बंधन आले, हे नाकारता येत नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात.

(१) उन्मत्त सत्तेचे वर्णन करणारे मराठी शब्द बहुशः माणसाळविलेल्या प्राण्यांच्या रूपकांवर उभे आहेत. त्यामुळे सत्तेवर नियंत्रण असले पाहिजे, ही अपेक्षा त्या शब्दांच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

(२) हेच शब्द दुर्बलांविरुद्ध तितक्याच सहजतेने वापरले जातात. ‘मुजोर’ कोण, हे शब्द ठरवीत नाही. बोलणारा कोठे उभा आहे यावरून ते ठरते. ‘वेठ’ शब्दाचा इतिहास याची साक्ष देतो.

(३) सत्तेच्या अतिरेकाचा भार निंदेच्या शब्दांपेक्षा ‘सवलत’, ‘परवाना’, ‘कृपा’ अशा सौम्य शब्दांनी अधिक वाहिला आहे.

(४) चंद्रपूर–गडचिरोलीत या शब्दसंपदेला मिळालेले उत्तर नव्या शिवीचे नव्हे, तर जुन्याच ‘सरकार’ शब्दाच्या नव्या अन्वयाचे आहे.

मराठीच्या अध्यापनात हे शब्द समानार्थी म्हणून पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येकामागील दोरी, लगाम, अंकुश आणि तो धरणारा हात विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देणे अधिक श्रेयस्कर ठरेल. झाडीबोली, गोंडी आणि माडिया यांतील सत्तावाचक शब्दांचे गावनिहाय संकलन ही या अभ्यासाची स्वाभाविक पुढची पायरी होय. ग्रामसभांचे ठराव आणि वनहक्क दाव्यांचे कागद यांतही भाषाभ्यासकासाठी मोठी सामग्री साठत आहे. ती केवळ महसूल विभागाच्या दप्तरात पडून राहू नये.